पंख्याला भिजू द्या

घरी तयार केलेल्या ताकदवान टॉर्चला पंखा बसवायचं ठरलं की हात आपोआप सिलिकॉनच्या नळीकडे जातो. पंखा विजेवर चालतो आणि विजेचं पाण्याशी वैर, तेव्हा एलईडी, ड्रायव्हर, बॅटरी आणि पंखा एकाच डब्यात घालायचे आणि डब्याची प्रत्येक फट बुजवून टाकायची, असा सरळ हिशेब केला जातो. हा हिशेब मुळातच चुकतो. पंख्याचं काम हवा खेळती ठेवण्याचं, बंद डब्याचं काम हवा अडवण्याचं. दोघांना एका खोलीत कोंडलं तर एकाचं तरी काम बिघडणारच. म्हणून पाण्यापासून वाचवायचा तो दिवा. पंखा उघड्यावर राहील, भिजेल, चिखलात पडेल आणि झटकला की पुन्हा फिरू लागेल, अशी रचना करणं जास्त सोपं आहे, स्वस्त आहे आणि जास्त दिवस टिकणारंही आहे.

भोपाळच्या वाचकाला याचा पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही. गोविंदपुरा-पिपलानीच्या बाजूला भेलचा कारखाना आहे. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स (इंडिया) या नावाने जी सरकारी कंपनी उभी राहिली, तिचा हा कारखाना. इथल्या नोकरीपायी भोपाळकर होऊन गेलेली मराठी घरं आजही शहरात भेटतात. तिथे जी अवजड यंत्रं तयार होतात त्यांत पॉवर ट्रान्सफॉर्मर आहेत. एखाद्या उपकेंद्राच्या कुंपणाबाहेर उभं राहून ट्रान्सफॉर्मर नीट न्याहाळला, तर टॉर्चचा सगळा आराखडा त्यात दिसतो. तारांची वेटोळी तेलाने भरलेल्या बंद टाकीत असतात. टाकीच्या बाहेर रेडिएटरच्या पोकळ पट्ट्या असतात आणि त्या पट्ट्यांवर वारा सोडणारे पंखे तर आणखी बाहेर, उघड्या आभाळाखाली. चार महिने पाऊस झोडपत असला तरी त्यांना टाकीत घ्यावं असं कुठल्याही अभियंत्याच्या मनात येत नाही. नामपट्टीवर बहुधा दोन क्षमता लिहिलेल्या असतात. एक ओएनएएन, म्हणजे तेल आणि हवा दोन्ही आपापल्या गतीने फिरत असतानाची; दुसरी ओएनएएफ, म्हणजे पंखे चालू असतानाची. पंखा बंद पडला तर ट्रान्सफॉर्मर जळून जात नाही, त्याच्याकडून कमी काम घ्यावं लागतं. आणि टाकीच्या एका अंगाला काचेच्या बरणीत सिलिका जेलचे दाणे लटकत असतात. तेल तापून फुगतं, निवून आकसतं, तेव्हा आत-बाहेर होणारी हवा या दाण्यांतून गाळली जाते. ओल शोषून निळे दाणे गुलाबी झाले की ते बदलायचे. बाहेरचा पंखा, दोन क्षमता आणि श्वास घ्यायची सोय, या तीन गोष्टी उचलल्या की टॉर्चचं निम्मं काम झालं.

आधी पंखा लागतोच का ते पाहू. जुन्या तारेच्या बल्बची बरीचशी उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने झोताबरोबरच निघून जायची. एलईडीच्या झोतात तशी उष्णता जवळपास नसते, म्हणून तो थंड वाटतो. पण दिलेल्या विजेपैकी ढोबळमानाने दोन तृतीयांश वीज चिपच्या पाठीमागे उष्णता होऊन साचते आणि तिला धातूतून वाट काढून द्यावी लागते. क्री कंपनीच्या एक्सएचपी ७० जातीचा एलईडी ३० वॅटच्या आसपास चालवला तर सुमारे २० वॅट उष्णता चिपची, आणि ड्रायव्हरमध्ये दहा टक्के गळती धरली तर आणखी ३ वॅट. ही २३ वॅट उष्णता सहा सेंटिमीटर व्यासाच्या आणि पंधरा सेंटिमीटर लांब अशा गुळगुळीत ॲल्युमिनियमच्या नळीने बाहेर टाकायची. स्थिर हवेत, प्रारण जमेस धरून, चौरस मीटरमागे दर अंशाला साधारण दहा वॅट जातात. नळीचं क्षेत्रफळ ०.०२८ चौरस मीटर. भागाकार केला की उत्तर येतं ८२: आसपासच्या हवेपेक्षा नळी ऐंशी अंशांनी तापलेली. आता त्याच जागी पट्ट्यांचा हीटसिंक ठेवा, ज्याचं एकूण क्षेत्रफळ ०.०६ चौरस मीटर आहे, आणि त्यावर पंखा सोडा. वाहत्या हवेत दहाच्या जागी तीस धरायला हरकत नाही. फरक तेरा अंशांवर येतो. पट्ट्यांची टोकं मुळाइतकी तापत नाहीत हे लक्षात घेऊन पंधरा म्हणा. एक-सव्वा वॅट खाणारा पंखा ऐंशीचे पंधरा करून देतो. दुसरा कुठलाही उपाय इतक्या कमी खर्चात एवढं देत नाही.

या आकड्यांत भोपाळ मिसळलं की चित्र आणखी पालटतं. परदेशी मार्गदर्शिका भोवतालचं तापमान वीस-पंचवीस अंश धरून लिहिलेल्या असतात. दहा वॅटचा, बिनपंख्याचा टॉर्च घेतला तर वरच्या हिशेबाने नळी हवेपेक्षा पंचवीस-सत्तावीस अंशांनी तापेल. तिकडच्या वीस अंशांत ती पंचेचाळीसवर थांबते, हातात धरता येते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि सूर्य मावळल्यावरही लगेच उतरत नाही. तीच नळी पासष्टच्या पुढे जाते. साठ अंशांच्या धातूला पाचेक सेकंद चिकटून राहिलेली कातडी भाजते. म्हणजे तिकडे बिनपंख्याने भागणारा टॉर्च इथे उन्हाळ्यात हातात धरवत नाही, आणि डिसेंबरच्या रात्री सीहोरच्या बाजूला गव्हाला पाणी द्यायला जाणाऱ्याच्या हातात तोच टॉर्च सुखाची ऊब देतो. एलईडीचं म्हणाल तर त्याला स्वतःला एवढी घाई नसते. या जातीच्या चिपची आतली कमाल मर्यादा १५० अंश आहे आणि ऐंशी-पंच्याऐंशी अंशांवर तो थंड असतानाच्या तुलनेत दहा-पंधरा टक्के कमी उजेड देऊन निमूट काम करत राहतो. आधी हार मानतात ते हात आणि लिथियमचे सेल. म्हणून मर्यादा ठरवताना एलईडीच्या माहितीपत्रकाइतकंच सेलचं माहितीपत्रकही वाचावं.

इथे एक रास्त आक्षेप येतो: मग ३० वॅटचा अट्टहास कशाला? प्रवाह निम्मा करा, पंखाच लागणार नाही. हा आक्षेप मला पटतो, आणि टॉर्च करायला घेणाऱ्या दहापैकी सात-आठ जणांनी तो मान्य करून इथेच थांबावं असंच मी म्हणेन. प्रवाह निम्मा केला तर उजेड निम्म्याहून थोडा जास्तच उरतो, कारण कमी प्रवाहावर एलईडीची कार्यक्षमता वाढते. आणि डोळ्याला निम्मा उजेड निम्मा वाटत नाही, जरासा कमी वाटतो. दुसरा आक्षेप धातूच्या वजनाचा. अर्धा किलो ॲल्युमिनियमचं तापमान एक अंशाने वाढवायला साडेचारशे ज्यूल लागतात. २३ वॅटने ते मिनिटाला तीन अंशांनी तापेल. दोन-तीन मिनिटं प्रखर झोत टाकून पुन्हा मंद करायचा असेल, तर पंख्यापेक्षा धातूचा गोळा बरा. पंख्याची गरज उरते ती सलग, वीस-तीस मिनिटं किंवा जास्त वेळ, मोठा उजेड हवा असेल तिथे: विसर्जनाच्या रात्री घाटावर उभे राहणारे स्वयंसेवक, तलावात होडी घेऊन जाणारे, पावसात फुटलेला बांध शोधणारे. आणि या तिन्ही ठिकाणी पाणी असतंच. पंखा आणि पाणी यांची गाठ म्हणूनच सोडवावी लागते.

रचना अशी करावी. टॉर्चचे एकामागोमाग एक तीन भाग पाडा. पुढे एलईडीची कोरडी खोली, मागे बॅटरी आणि ड्रायव्हरची कोरडी खोली, आणि दोघींच्या मध्ये हीटसिंक आणि पंख्याचा उघडा बोगदा. एलईडी तांब्याच्या पाटीवर येतो. ती पाटी थर्मल पेस्टचा अगदी पातळ थर देऊन पाच मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या तबकडीवर स्क्रूने आवळा. हीच तबकडी पुढच्या खोलीची मागची भिंत असते. तिच्या एका अंगाला एलईडी आणि दुसऱ्या अंगाला पट्ट्या, त्यामुळे उष्णता थेट ओल्या बाजूला जाते. पेस्ट जास्त लावली की भलं होतं हा गैरसमज इथे महागात पडतो. तांब्याची उष्णतावाहकता चारशेच्या घरात आणि चांगल्या पेस्टची पाच-सहा. पेस्ट फक्त धातूमधल्या खाचा भरण्यापुरती असावी, लावल्यावर खालचा धातू अंधुक दिसला पाहिजे. हीटसिंकसाठी संगणकाच्या प्रोसेसरवरचा जुना ॲल्युमिनियमचा कूलर उत्तम. कबाडखान्यात किंवा एमपी नगरच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानांत तो सहज मिळावा. मागच्या खोलीला पीव्हीसीचा पाइप चालतो, नव्हे तोच चांगला: पीव्हीसी उष्णता जवळजवळ वाहूनच नेत नाही, त्यामुळे तबकडीची उष्णता सेलपर्यंत पोचत नाही आणि मूठही धरण्याजोगी राहते. मात्र तो तबकडीला थेट चिकटवू नका, कारण साठ-सत्तर अंशांपासून तो नरम पडू लागतो. मध्ये लांब स्टीलचे बोल्ट द्या. स्टेनलेस स्टील ॲल्युमिनियमच्या दहाव्या हिश्शाइतकीच उष्णता वाहतं.

आता पंखा. ब्रशलेस डीसी पंख्यात पाण्याला घाबरणारा भाग फारच छोटा असतो. फिरणाऱ्या पात्यांत नुसतं चुंबक आहे, त्याला तारच नाही. मधल्या स्थिर भागातल्या तांब्याच्या तारेवर वार्निश असतं. उरते ती नाण्याएवढी पाटी, जिच्यावर चुंबकाची जागा ओळखणारा हॉल सेन्सर आणि चालक आयसी बसवलेली असते. तिच्यावरच्या उघड्या डागांवर १२ व्होल्ट असताना पाणी आलं की विद्युत-अपघटन सुरू होतं आणि धन बाजूचं तांबं हिरवं पडून खाल्लं जातं. आयपी ६७ किंवा ६८ या जलरोधक दर्जाचे पंखे करणारे कारखानेही जादू काही करत नाहीत. ते हा स्थिर भाग इपॉक्सीत बुडवून टाकतात. घरी हेच करता येतं. पाठीवरचं लेबल सोलायचं, आतली छोटी सी-आकाराची चकती टोकदार चिमट्याने काढायची, पाती वर उचलायची. पाटी स्पिरिटने पुसून पूर्ण वाळवायची. बेअरिंगचं भोक कापसाने बंद करायचं आणि संथ घट्ट होणारं, पातळ इपॉक्सी पाटीवर आणि वेटोळ्यांवर पसरू द्यायचं. एका गोष्टीला जपावं: चुंबकाचं कडं आणि स्थिर भाग यांच्यातली फट केसाएवढीच असते. इपॉक्सीचा एक ओघळ बाहेर आला तरी पाती घासतात. घट्ट होण्याआधी पाती अलगद बसवून हाताने फिरवून पाहिलेली बरी. बेअरिंग बॉलचं घ्या. साध्या स्लीव्ह बेअरिंगमधलं तेल दोन-चार वेळा भिजल्यावर धुऊन जातं आणि पंखा कुरकुरायला लागतो.

मग तयार आयपी ६८ पंखाच का विकत घेऊ नये? जरूर घ्यावा, पैसे असतील तर कष्ट वाचतात. पण त्या दर्जाचा अर्थ एवढाच की पंखा पाण्याने मरणार नाही. त्याची वायर तुमच्या डब्यात जिथून शिरते ते भोक त्या दर्जात मोडत नाही, आणि घरगुती टॉर्च बुडतात ते नेमके तिथेच. इथे एक बारकावा सहसा कुणी सांगत नाही. अनेक बारीक तारांच्या पिळाची वायर असते तेव्हा प्लास्टिकच्या आवरणाबाहेरून कितीही सिलिकॉन लावा; पाणी आवरणाच्या आत, तारांमधल्या फटींतून केशाकर्षणाने सरकत कोरड्या खोलीत पोचतं. बाहेरून सगळं घट्ट, आत मात्र थेंब. उपाय सोपा आहे. भिंतीतून जाते त्या जागी वायरचं आवरण सेंटिमीटरभर सोलायचं, उघड्या पिळात सोल्डर पूर्ण मुरवायचं म्हणजे मधली फटच उरत नाही, आणि तो भाग इपॉक्सीच्या गोळ्यात गाडायचा. बाहेरून पीजी ७ मापाचा केबल ग्लँड लावला की वायर ओढली गेली तरी गोळ्यावर ताण येत नाही. एलईडीच्या तारा बोगद्यातून जातात त्यांनाही हेच. सिलिकॉन वापरणार असाल तर नळी उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ते न्हाणीघराच्या फरशीसाठी राखून ठेवा. त्यातून सुटणारं आम्ल तांबं गंजवतं. इलेक्ट्रॉनिक कामाला न्यूट्रल प्रकारचंच हवं.

यानंतर येतो श्वासाचा प्रश्न, आणि तिथे भले भले चुकतात. समजा पुढच्या खोलीतली हवा साठ अंशांवर आहे आणि टॉर्च पंचवीस अंशांच्या तलावात पडला. हवा आकसते; बंद खोलीतला दाब दहा टक्क्यांहून थोडा अधिक उतरतो. हा उतार पाण्याच्या सुमारे एक मीटर उंचीच्या दाबाएवढा आहे. टॉर्च वीतभर पाण्यात पडलेला असला तरी त्याच्या सांध्यांना तो मीटरभर खोल गेल्यासारखंच वाटतं, आणि पाणी नुसतं दाबलं जात नाही, आत ओढलं जातं. आयपी ६७ ची चाचणी एक मीटर खोल, अर्धा तास, अशीच असते. पण आपल्याकडे आयएस/आयईसी ६०५२९ म्हणून लागू असलेल्या त्या मानकात चाचणीचं पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात पाच अंशांहून अधिक फरक नसावा अशी अट आहे. तापलेला दिवा थंड पाण्यात पडण्याची ती परीक्षाच नाही. मोटारींच्या हेडलाइटला यासाठी सच्छिद्र टेफ्लॉनची छोटी पडदी बसवलेली असते; तिच्यातून हवा जाते, पाण्याचा थेंब जात नाही. तशी चिकटवायची पडदी पुढच्या खोलीला लावावी आणि आत सिलिका जेलची एक पुडी ठेवावी. खोली बंद करायची वेळही निवडावी. श्रावणातल्या दमट हवेत डबा बंद केला तर तीच ओल आत अडकते आणि पहिल्या गार रात्री काचेवर धुकं होऊन बसते. एसी तासभर चालू असलेली खोली या कामाला सर्वांत बरी.

पंखा बंद डब्यातच ठेवणाऱ्यांची बाजूही ऐकून घ्यायला हवी. त्यांचं म्हणणं असं की आतली हवा ढवळली तरी उष्णता भिंतींवर सारखी पसरते आणि थोडा फायदा होतो. होतो, हे खरं. पण उष्णतेला शेवटी बाहेरच्या भिंतीवरून स्थिर हवेतच जायचं आहे, आणि ऐंशी अंशांची चढण तिथेच होती. आतला पंखा त्या चढणीला हातही लावत नाही, वर स्वतःच्या वॅटभर उष्णतेची भर घालतो आणि तापलेल्या हवेत आपलं बेअरिंग झिजवतो. बाजारातल्या मोठ्या टॉर्चकडे पाहा. इमालेंट कंपनीच्या एमएस १८ मध्ये अठरा एलईडी आहेत आणि कंपनी एक लाख ल्युमेनचा दावा करते. त्याच्या पंख्यांसाठी अंगालाच झरोके ठेवलेले आहेत. एवढी उष्णता फेकायची तर बाहेरच्या हवेशी गाठ घालावीच लागते.

पंखा उघड्यावर आहे म्हणजे तो कधीतरी अडकणार, हे गृहीत धरून चाला. गवताची काडी, पॉलिथिनचा तुकडा, पावसाळ्यात उजेडाकडे झेपावणारे पंखवाले किडे, काहीही पुरतं. पंखा थांबला की तोच दाट पट्ट्यांचा हीटसिंक फार दुबळा ठरतो, कारण एकमेकींना खेटून असलेल्या पट्ट्यांमधून हवा आपणहून वर चढत नाही. पंचवीस अंशांची वाढ परवडते असं धरलं तर तो सात-आठ वॅट उष्णताच झेपवेल, म्हणजे टॉर्च दहा वॅटवर चालवता येईल. तेव्हा टॉर्चलाही नामपट्टी द्या: पंख्यासह तीस, पंख्याविना दहा. आणि या दोन क्षमतांमध्ये बदल करण्याचं काम माणसाच्या लक्षात राहण्यावर सोपवू नका. केएसडी ९७०० नावाचा बोटाच्या पेराएवढा द्विधातू स्विच स्वस्तात मिळतो. एक ७० अंशांना उघडणारा घ्या, तबकडीला घट्ट चिकटवा आणि ड्रायव्हरच्या डिमिंगच्या तारेत असा जोडा की तो उघडला की प्रवाह तिसऱ्या हिश्शावर येईल. दुसरा, ५५ अंशांना जुळणारा, पंख्यासाठी. थंडीत पंखा फुकट फिरत नाही. या दुसऱ्या स्विचची एक खोड भोपाळमध्येच कळते. तो जुळतो ५५ ला, पण सुटतो त्याहून दहा-पंधरा अंश खाली, म्हणजे चाळिशीच्या आसपास. मे महिन्यात बाहेरची हवाच बेचाळीस असेल तर तो सुटेलच कसा? पंखा थेट बॅटरीला जोडलेला असेल तर दिवा बंद केल्यावरही फिरत राहील आणि सकाळी सेल रिकामे. पंख्याची जोडणी म्हणून मुख्य स्विचच्या नंतरच करावी.

पाण्यात पडल्यावर पंख्याचं काय? पाणी हवेच्या आठशेपट जड. पाती जवळजवळ थांबतात. चांगल्या पंख्याची आयसी थांबलेली पाती ओळखून प्रवाह तोडते आणि मधून मधून पुन्हा प्रयत्न करते. स्वस्त पंख्यात ही सोय नसते, म्हणून छोटा पॉलिफ्यूज घालावा. उष्णतेची चिंता तेव्हा करू नये. पट्ट्यांवर पाणी आलं की त्याच्यासारखा शीतक नाही, पंख्याहून कितीतरी पट. बोगद्याला खालच्या बाजूने रुंद खाचा ठेवल्या की वर काढताच पाणी निघून जातं. बारीक जाळी मात्र लावू नका. किड्यांनी ती तासाभरात बुजते. बोट आत जाणार नाही एवढ्या रुंदीच्या खाचा पुरतात.

खरा धोका मागच्या खोलीत आहे. लिथियम-आयन सेल बिघडला तर वायू सोडतो, आणि जलरोधक करण्याच्या उत्साहात बोल्ट मारून आवळलेली धातूची नळी तेव्हा बॉम्ब होते. पीव्हीसी निवडण्याचं हे आणखी एक कारण: एका टोकाचं झाकण फक्त ओ-रिंगवर दाबून बसवलेलं ठेवा, स्क्रू करू नका, म्हणजे आतला दाब वाढला तर ते निसटेल. सेल नवे आणि विश्वासाच्या दुकानातले घ्या, लॅपटॉपच्या भंगारातून काढलेले नकोत. तीन सेलच्या मालिकेला संरक्षक पाटी (बीएमएस) हवीच. अशा बहुतेक सेलना वापरताना साठ अंशांपर्यंत आणि चार्ज करताना पंचेचाळीसपर्यंतच मुभा असते. उन्हाळ्यात टॉर्च वापरून आल्या आल्या चार्जिंगला लावायचा मोह टाळा, आधी तासभर घरातल्या गारव्यात निवू द्या.

जोडणी झाली की इलेक्ट्रॉनिक्स न घालता, रिकाम्या खोल्यांची परीक्षा घ्या. आत टिश्यू पेपर ठेवून झाकणं बंद करा, पडदीवर तेवढ्यापुरती चिकटपट्टी लावा आणि पुढची खोली पन्नास-पंचावन्न अंशांच्या गरम पाण्यात बुडवा. आतली हवा फुगते आणि गळती असेल तिथून बुडबुड्यांची माळ सुटते. नेमकी जागा दिसते, अंदाज बांधावा लागत नाही. मग पाच मिनिटांनी ती थेट थंड पाण्याच्या बादलीत टाका आणि अर्धा तास दगड ठेवून दाबून ठेवा. टिश्यू कोरडा निघाला तर सांधे खरे. गरम-थंड ही जोडीच महत्त्वाची आहे; नुसत्या थंड बादलीत पास झालेले डबे वापरात गळतात. उष्णतेची परीक्षा दुपारी दोनला गच्चीवर सावलीत घ्यावी. तापमान मोजणाऱ्या मल्टिमीटरचा सेन्सर तबकडीला लावा, पूर्ण उजेड करा, वीस मिनिटांनी आकडा स्थिर झाला की लिहून ठेवा. मग पेन्सिलीने पाती थांबवा आणि सत्तरला उजेड आपोआप उतरतो का पाहा. नाही उतरला, तर टॉर्च घराबाहेर न्यायच्या लायकीचा नाही. चाचणी करताना झोत भिंतीवर ठेवा. तीन-चार हजार ल्युमेनच्या झोतात थेट पाहणं शहाणपणाचं नाही.

वापराबद्दल दोन गोष्टी. मोठा तलाव आणि छोटा तलाव मिळून झालेलं भोज वेटलँड २००२ पासून रामसर यादीत आहे, हिवाळ्यात तिथे स्थलांतरित पक्षी उतरतात. केरवा-कलियासोतच्या बाजूला वाघ फिरतात आणि पलीकडचं रातापानी २०२४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तीस वॅटचा झोत झाडीत किंवा पाणपक्ष्यांच्या थव्यावर फिरवायची हौस इथे करू नये, जंगल खात्याचा माणूस समोर असो वा नसो. दुसरी गोष्ट देखभालीची. तलावाचं पाणी वाळलं की पट्ट्यांवर शेवाळ आणि क्षारांचा थर राहतो, म्हणून परतल्यावर बोगदा साध्या पाण्याने धुवा, मऊ ब्रशने किडे काढा आणि पंखा पाच मिनिटं चालवून वाळवा. बेअरिंगचा आवाज बदलला की दुरुस्तीच्या नादी लागू नका. पंख्याची वायर बोगद्यातच, इपॉक्सीच्या गोळ्याच्या बाहेर, दोन पिनच्या जलरोधक जोडणीने तोडता येईल अशी ठेवली असेल, तर चार स्क्रू काढून नवा पंखा दहा मिनिटांत बसतो आणि कोरड्या खोल्यांचं एकही झाकण उघडावं लागत नाही.